स्थितिक विद्युत स्वतःच्या हातांनी: वस्तू प्रभारित कशी करायची आणि प्रभार कसा टिकवायचा

प्लास्टिकची पट्टी केसांवर घासा, कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे पटापट उडून चिकटतील. एवढं वाचून मी पहिल्यांदा प्रयोगाला बसलो. घासून घासून मनगट दुखायला लागलं, कपटे जागचे हलले नाहीत. पट्टी बदलली, कपटे आणखी बारीक केले. एकदा कधीतरी दोन कपटे उडाले आणि पुन्हा सगळं थंड. आपलं घासणंच कमी पडतंय असं वाटून मी आणखी जोर लावत राहिलो.

दोष घासण्यात नव्हताच. पट्टी दर वेळी प्रभारित होत होती, आणि तिच्यावरच्या दमट, तेलकट थरावरून तो प्रभार तेवढ्याच वेगाने माझ्या हातात निसटून जात होता. वस्तू प्रभारित करणं सोपं आहे, प्रभार धरून ठेवणं अवघड. पुस्तकातल्या आकृतीत ही दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून नवशिक्याचे बहुतेक प्रयोग तिथेच बसतात. पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. मधली एखादी गाळलीत तर पुढच्या पायरीवर नेमकं काय चुकलं ते कळणार नाही.

काय काय लागेल

- पीव्हीसी नळीचा साधारण अर्धा मीटर लांबीचा तुकडा
- लोकरीचं कापड (जुना स्वेटर उत्तम, पण भेसळ नसलेल्या लोकरीचा)
- काचेची नळी किंवा गुळगुळीत काचेचा उभट पेला, आणि रेशमी कापडाचा तुकडा
- पारदर्शक चिकटपट्टी
- स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल
- प्लास्टिकचं झाकण असलेली काचेची बरणी
- वरचं आवरण काढलेली तांब्याची जाड तार, वीतभर
- कडा गोलसर असलेली धातूची छोटी ताटली आणि प्लास्टिकचा कप
- थर्माकोलचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा सपाट तुकडा, ताटलीपेक्षा मोठा
- केस वाळवायचा ड्रायर

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू शेवटची आहे.

## १. आधी ओल घालवा

दमट हवेतून प्रभार वाहून जातो असं सर्रास सांगितलं जातं. हवा दमट असली तरी ती तशी चांगली रोधकच असते, म्हणजे प्रभाराला सहज जाऊ देत नाही. खरी गळती वस्तूच्या पृष्ठभागावरून होते. हवेतली वाफ काचेवर, प्लास्टिकवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरते. त्यात बोटांवरच्या घामातले क्षार विरघळतात आणि त्या थरातून प्रभाराला पळायला वाट मिळते. काच तर पाणी फारच आवडीने धरते, म्हणून काच आणि रेशमाचा प्रयोग पहिल्या झटक्यात क्वचितच जमतो.

पीव्हीसी नळी आणि काच साबणाने धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या, पुसा आणि ड्रायरने कोमट करा. काच हाताला उबदार लागेपर्यंत गरम करायची. प्लास्टिकला तेवढी उष्णता देऊ नका, ते वाकतं. लोकर आणि रेशीमही एक-दोन मिनिटं ड्रायरखाली धरा. नळीचं एक टोक धरण्यासाठी ठरवून घ्या, उरलेल्या भागाला बोट लावायचं नाही. मी नळीवर पेनाने खूण केली आहे, तिच्यापलीकडे हात जात नाही.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र असेल तर बघा: ४० टक्क्यांच्या खाली सगळं सुरळीत चालतं, ७० टक्क्यांच्या वर बहुतेक प्रयोग रुसतात. अशा दिवशी हट्टाने बसून मनस्ताप करून घेऊ नका, कोरड्या दिवसाची वाट पाहा.

## २. घासू नका, नुसतं सोलून बघा

सुरुवात चिकटपट्टीने करा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. घर्षणाने वीज तयार होते हे आपण इतकं पाठ केलेलं असतं, की घर्षण म्हणजेच कारण असं डोक्यात बसतं. मुळात दोन वेगवेगळे पृष्ठभाग एकमेकांना नीट चिकटतात तेव्हाच काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. वेगळे करताना ते सगळे परत फिरू शकत नाहीत. घासण्याने फक्त जास्तीत जास्त जागी चांगला स्पर्श घडतो. चिकटपट्टीचा स्पर्श आधीच पक्का असतो, म्हणून तिला घासावं लागत नाही.

टेबलावर चिकटपट्टीचा एक लांब तुकडा चिकटवा आणि तो तिथेच राहू द्या. त्याच्यावर वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवा, टोकाला थोडी दुमडून धरायला जागा ठेवा, आणि झटकन सोला. अशीच आणखी एक पट्टी करा. दोन्ही पट्ट्या टोकांना धरून, लोंबत्या ठेवून, गुळगुळीत पाठी समोरासमोर येतील अशा जवळ आणा. त्या एकमेकींपासून दूर सरकतात, कितीही जवळ नेल्या तरी वाकून वळून लांब जातात. दोघींना एकाच प्रकारे सोललं, म्हणून दोघींवर एकाच जातीचा प्रभार आहे. सजातीय प्रभारांमधलं प्रतिकर्षण ते हेच.

आता टेबलावरच्या तुकड्यावर एक पट्टी चिकटवा, तिच्या टोकावर ‘खा’ लिहा. तिच्यावर दुसरी चिकटवा, टोकावर ‘व’ लिहा. ही जोडी एकत्रच, हळूहळू, टेबलावरून सोला. जोडीच्या पाठीवरून बोट अलगद फिरवा, म्हणजे आधीचा प्रभार निघून जाईल. जोडी हाताकडे ओढली जात नाही ना, ते पाहा. मग दोन्ही पट्ट्या झटकन एकमेकींपासून वेगळ्या करा. आता त्या एकमेकींवर झेपावतात. एकीने गमावलेलं नेमकं दुसरीने मिळवलं आहे, एकूण बेरीज शून्यच. प्रभार निर्माण होत नाही, त्याची फक्त वाटणी बदलते, हे वाक्य मला या दोन पट्ट्यांनी समजावलं.

इथे फसतात: ‘व’ पट्टी धन आणि ‘खा’ ऋण असं कुठे वाचलंत तर ते आपल्या पट्टीला लागू असेलच असं धरू नका. चिकटवण्याचा गोंद आणि पट्टीचं प्लास्टिक बदललं की चिन्हही उलटू शकतं. चिन्ह पुढच्या पायरीत ठरवू.

## ३. घर्षणाने प्रभार द्या

कोरडी पीव्हीसी नळी लोकरीत गुंडाळून, दाबून, एका दिशेने लांब ओढा. पाच-सहा वेळा पुरे. एकाच जागी पुढे-मागे खसाखसा घासण्यापेक्षा लांबलचक हात ओढला की नळीचा जास्त भाग लोकरीला भिडतो. नळी हाताच्या लवेजवळ नेली की लव उभी राहते, कधी बारीक चटचट ऐकू येते.

लोकरीने घासलेलं पीव्हीसी ऋण प्रभारित होतं, रेशमाने घासलेली काच धन. या दोन आपल्या मोजपट्ट्या. नळी ‘व’ आणि ‘खा’ पट्ट्यांजवळ आळीपाळीने न्या. जी दूर पळेल ती ऋण.

धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिली. काचेवर काहीतरी ‘जास्त’ साचतं असं धरून त्याने तिला धन म्हटलं. त्याआधी १७३३च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यु फे याने विद्युत दोन प्रकारची असते हे दाखवलं होतं, आणि त्यांना काचेची व राळेची असं म्हटलं होतं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, आणि त्याचा प्रभार फ्रँकलिनच्या हिशेबात ऋण निघाला. त्यामुळे धन प्रभारित काचेला काही मिळालेलं नसतं, तिने इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. नवशिक्याचा इथे हमखास घोळ होतो. प्रोटॉन अणुकेंद्रात घट्ट बसलेले असतात, घासण्याने ते हलत नाहीत.

किती इलेक्ट्रॉन जातात? एक कूलॉम प्रभार म्हणजे सुमारे ६.२४ × १०^१८ इलेक्ट्रॉन. नळीवर येतो तो प्रभार याच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतो. हवेत सपाट पृष्ठभागावर जास्तीत जास्त जेवढा प्रभार टिकू शकतो तेवढा साचला, तरी पृष्ठभागावरच्या पन्नास-साठ हजार अणूंमागे एखाद्याच अणूचा हिशेब बिघडलेला असतो. त्याहून जास्त झाला की हवाच वाहक बनते आणि ठिणगी पडते. एवढ्याशा असमतोलाने लव उभी राहते, यावरून विद्युत बल किती जबरदस्त आहे याचा अंदाज करा.

इथे फसतात: कोणता पदार्थ धन होणार आणि कोणता ऋण, याच्या क्रमवार याद्या मिळतात. काच, नायलॉन, लोकर साधारण धन टोकाकडे; पीव्हीसी, टेफ्लॉन ऋण टोकाकडे. टोकांवर भरवसा ठेवा, मधल्या पदार्थांवर नको. पृष्ठभाग किती स्वच्छ आहे, कापडात काय मिसळलं आहे, यावर मधले क्रम बदलतात. एकाच पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांवर घासले तरी प्रभार येऊ शकतो.

## ४. ओढण्यावर विश्वास ठेवू नका

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

प्रभारित नळी कपट्यांना ओढते, याचा अर्थ कपटे प्रभारित आहेत असा नाही. कपटा उदासीन असतो, म्हणजे त्याच्यातला धन आणि ऋण प्रभार सारखाच असतो. ऋण नळी जवळ आली की कपट्यातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, जवळची बाजू थोडी धन होते, लांबची थोडी ऋण. जवळच्या बाजूचं आकर्षण लांबच्या बाजूच्या प्रतिकर्षणापेक्षा जास्त पडतं आणि कपटा उडतो. म्हणजे प्रभारित वस्तू विजातीय वस्तूलाही ओढते आणि उदासीन वस्तूलाही. दूर ढकलते ती मात्र फक्त सजातीय प्रभारित वस्तूला. एखादी वस्तू प्रभारित आहे का हे ठरवायचं तर ती कशापासून तरी दूर ढकलली जाते का हे पाहा.

एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. फॉइलचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करा, नळी त्यांच्यावर चारेक सेंटिमीटरवर आडवी धरा आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणा. तुकडा आधी एका टोकावर उभा राहतो, क्षणभर थरथरतो, उडतो, नळीला टेकतो आणि जणू चटका बसल्यासारखा खाली फेकला जातो. टेकल्यावर त्याला नळीचा ऋण प्रभार मिळाला, म्हणून नळीने त्याला ढकललं. खाली टेबलावर तो प्रभार सोडला की तोच तुकडा पुन्हा वर. कागदाचा कपटा मात्र बराच वेळ चिकटून राहतो, कारण कोरडा कागद वाईट वाहक आहे, त्याच्यात प्रभार सावकाश उतरतो. वाहक आणि रोधक यांच्यातला फरक इतका स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्याच प्रयोगात दिसला नाही.

## ५. विद्युतदर्शी बनवा

विद्युतदर्शी म्हणजे प्रभार आहे की नाही हे दाखवणारं साधं उपकरण. बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध छिद्र पाडा, तांब्याची तार आत घाला. बाहेरच्या टोकावर फॉइलचा घट्ट गोळा बसवा, आतलं टोक आकड्यासारखं वळवा. चार सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद अशा फॉइलच्या दोन पट्ट्या कापा, वरच्या टोकाला छिद्र पाडून आकड्यात अडकवा. दोन्ही समोरासमोर सैल लोंबल्या पाहिजेत. बरणी आतून ड्रायरने वाळवून लगेच बंद करा.

प्रभारित नळी गोळ्याजवळ आणली की पट्ट्या फाकतात. अब्राहम बेनेट याने १७८७ साली याच कल्पनेचा सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी मांडला होता. सोन्याचा वर्ख अतिशय हलका, म्हणून त्याची उपकरणं फार संवेदनशील. आपल्या कामाला फॉइल पुरते.

इथे फसतात: पट्ट्यांना सुरकुती पडली की त्या हलत नाहीत, तेव्हा नखाने काचेवर घासून सपाट करा. लाकडाचं झाकण वापरू नका, लाकडातून प्रभार गळतो. तारेच्या टोकाला धारदार कोपरा राहू देऊ नका, टोकातून प्रभार हवेत निसटतो.

## ६. स्पर्शाने प्रभार द्या

नळी गोळ्याला नुसती टेकवून काढलीत तर पट्ट्या बहुधा पुन्हा मिटतील. नळी रोधक आहे, जिथे टेकली तेवढ्याच ठिपक्यावरचा प्रभार जातो, बाकीचा जागच्या जागी बसून राहतो. म्हणून नळी गोळ्यावरून फिरवत ओढा. नळी दूर केल्यावरही पट्ट्या फाकलेल्या राहिल्या की काम झालं. विद्युतदर्शीला नळीच्याच जातीचा, म्हणजे ऋण, प्रभार मिळाला. बोट लावलंत की पट्ट्या मिटतात, प्रभार तुमच्या शरीरातून जमिनीकडे जातो.

## ७. प्रवर्तनाने प्रभार द्या

प्रवर्तन म्हणजे नळी न टेकवता, नुसती जवळ आणून प्रभार देणं. इथे क्रम चुकला की सगळं फुकट, म्हणून क्रम सुटा देतो.

१. प्रभारित नळी गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पट्ट्या फाकतील.
२. नळी तशीच धरून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा. पट्ट्या मिटतील.
३. आधी बोट काढा.
४. मग नळी दूर न्या. पट्ट्या पुन्हा फाकतील आणि तशाच राहतील.

नळीच्या ऋण प्रभाराने इलेक्ट्रॉनांना ढकललं, बोटाची वाट मिळताच ते तुमच्या शरीरात गेले, वाट बंद केल्यावर परत येऊ शकले नाहीत. विद्युतदर्शी धन प्रभारित झाला, नळीच्या उलट, आणि नळीवरचा प्रभार जराही खर्च झाला नाही. नळी आधी काढलीत तर इलेक्ट्रॉन बोटातून परत येतात आणि हाती काहीच लागत नाही. मी पहिल्या काही दिवसांत जवळजवळ दर वेळी हेच करत होतो, कारण दोन्ही हात एकदम मागे घेण्याची सवय असते. शेजारी कोणीतरी बसवून मोठ्याने ‘बोट’, ‘नळी’ असं म्हणायला लावा, चटकन जमतं.

चिन्ह तपासताना चौथी पायरी आठवा. नळी जवळ नेल्यावर पट्ट्या मिटू लागल्या, तर एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. नुसता उदासीन हात जवळ नेला तरी त्या थोड्या मिटतात. रेशमाने घासलेली कोमट काच जवळ आणा. पट्ट्या आणखी फाकल्या तरच धन प्रभाराची खात्री.

## ८. एकदा घासून अनेक ठिणग्या

अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७५ साली ज्याला लोकप्रिय केलं तो इलेक्ट्रोफोरस म्हणजे सातवीच पायरी मोठ्या आकारात. (स्वीडनमध्ये विल्के याने तशी रचना १७६२ मध्येच केली होती.) ताटलीच्या मधोमध प्लास्टिकचा कप उलटा चिकटवा, ती झाली रोधक मूठ. थर्माकोल लोकरीने चांगला घासा. कप धरून ताटली त्यावर ठेवा, ताटलीला बोट लावा, बोट काढा, कप धरून ताटली उचला. आता ताटलीजवळ बोटाचं पेर न्या. टिक् असा आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते.

ताटली पुन्हा ठेवा, बोट लावा, उचला, पुन्हा ठिणगी. थर्माकोल परत घासावा लागत नाही, कारण ताटली त्याला थोड्याच ठिकाणी टेकते आणि रोधकातला प्रभार जागा सोडत नाही. मग दर ठिणगीची ऊर्जा येते कुठून, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर हातात आहे: धन ताटली ऋण थर्माकोलपासून उचलताना आकर्षणाविरुद्ध ओढावी लागते. ते काम तुमचा हात करतो.

हवेत ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला ढोबळमानाने ३० हजार व्होल्ट लागतात. तेव्हा एक मिलिमीटरची ठिणगी म्हणजेसुद्धा तीनेक हजार व्होल्ट. आकडा दचकवणारा आहे, पण प्रभार इतका थोडा असतो की बोटाला टिचकीएवढंच जाणवतं.

## हे अजिबात करू नका

- पेट्रोल, स्पिरिट, गॅस यांच्या जवळपास यातलं काहीही करू नका. अशा वाफा पेटायला छोटी ठिणगी पुरते.
- मोबाइल, संगणकाचे सुटे भाग टेबलावरून हलवा. आपल्याला ठिणगी साधारण ३ हजार व्होल्टच्या पुढे जाणवते, नाजूक चिप मात्र शंभरेक व्होल्टनेही बिघडू शकते, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.
- बरणीला आतून-बाहेरून फॉइल लावून प्रभार साठवायचा मोह आवरा. असं मोठं लायडन पात्र जोरदार धक्का देतं.
- ढग गडगडत असताना पतंग, तार, उंच दांडा काहीही नको. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ वादळी विजेचं मापन करताना वीज लागून गेला.
- घरातल्या विजेच्या सॉकेटचा या प्रयोगांशी काडीचाही संबंध येऊ देऊ नका.

## ९. निऑन दिव्याने शेवटची खात्री

इलेक्ट्रोफोरस जमला की दोन तारांचा छोटा निऑन दिवा मिळवा. एक तार बोटांत धरा, खोलीत अंधार करा, उचललेल्या ताटलीला दुसरी तार टेकवा. दिवा क्षणभर नारिंगी चमकतो. या दिव्यात नेहमी ऋण बाजूचा इलेक्ट्रोड (तारेचं दिव्याच्या आतलं टोक) उजळतो. ताटली धन असेल तर चमक तुमच्या बोटांकडच्या इलेक्ट्रोडवर दिसेल. मग दिवा तसाच बोटांत धरून, ताजी घासलेली पीव्हीसी नळी त्याच्या मोकळ्या तारेजवळून फिरवून बघा: आता चमक दुसऱ्या इलेक्ट्रोडवर सरकलेली असेल.